थुंकीची नळी घेऊन अक्कलकोटच्या पुढे

माझे वडील कुर्डुवाडी स्टेशनच्या बाकावर सापडले. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. ही गोष्ट आमच्या पाठीमागे कुजबुजायला माणसं टपलेलीच असतात, त्यांचे कष्ट तरी वाचतील.

तुकाराम नावाचे एक जण रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये खलाशी, म्हणजे मदतनीस कामगार, होते. पाळी सुटल्यावर घरी निघाले, तर बाकावर गाठोडं रडतंय. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्यांनी गाठोडं उचललं, बायकोच्या मांडीवर ठेवलं, नाव ठेवलं बाळू, आणि पोटच्या पोरासारखं वाढवलं. पुढे दोघंही पाठोपाठ गेली. तेराव्याच्या पंगती उठल्या न उठल्या तोच भावकीनं वडिलांना ओट्यावर बसवून सांगितलं, "तू आमच्या रक्ताचा न्हाईस." घराला कुलूप लागलं. वडील तेव्हा नुकते मिसरूड फुटलेले. अंगावरच्या कपड्यांनिशी सोलापूरला आले आणि टॉवेलच्या मागावर लागले.

मी वाढले ती एका खोलीत. भिंतीपलीकडे माग धडधडायचे, त्यामुळे आमच्या घरात कुणी हळू बोलायला शिकलंच नाही. आई सूप मांडीवर घेऊन विड्या वळायची, आणि तिच्या हातच्या भाकरीलाही तंबाखूचा वास यायचा. वडील संध्याकाळी घरी येत तेव्हा त्यांच्या भुवयांवर सुताची पांढरी पिंज बसलेली असे. आमटीत डाळ शोधावी लागे. हे सगळं चालून जायचं. चालायचं नाही ते घरमालकिणीचं भांडण. नळावर घागरीला घागर लागली की ती म्हणायची, "बेवारशाला खोली दिली, माझंच चुकलं." या बाईचे स्वतःचे तिन्ही वारस तिच्याशी बोलत नव्हते, ती गोष्ट वेगळी.

आमच्या घरातली पहिली पदवीधर मी. बी.एस्सी., रसायनशास्त्र, पहिला वर्ग. संधी मिळेल तिथं हे मी सांगते, तुम्हालाही सांगितलं. आता एका चादरीच्या कारखान्यात रंगाची तपासणी करते.

मागच्या वर्षी वडिलांच्या छातीत दुखलं. डॉक्टरांनी विचारलं, "घरात आधी कुणाला हृदयाचा त्रास होता का?" वडील म्हणाले, "कुटलं घर म्हणायचं साहेब?" डॉक्टर हसले, त्यांना विनोद वाटला. रिक्षात बसल्यावर वडील मला म्हणाले, "सुरेखा, मला तितं कुणी ठिवलं येवढंच कळावं. का ठिवलं ते न्हाय कळलं तरी चालंल. पर मरायच्या आदी कळावं."

साठी ओलांडलेल्या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं होतं. माझी एक मैत्रीण परदेशात असते. तिला सांगून डीएनए तपासणीच्या दोन नळ्या मागवल्या. नळीत थुंकायचं, झाकण लावायचं, पाठवून द्यायचं. अर्धा तास आधी काही खायचं-प्यायचं नाही एवढीच अट. वडिलांना चहा आणि तंबाखूशिवाय सलग अर्धा तास ठेवणं हे त्या सगळ्या शास्त्रातलं सगळ्यात अवघड काम होतं.

रिपोर्ट मोबाईलवर आला. वर एक रंगीत नकाशा होता आणि वडिलांचे पूर्वज दक्षिण हिंदुस्थानातले आहेत असं त्यात ठासून सांगितलं होतं. एवढं तर आमच्या सोलापुरात सात रस्त्यावरच्या कुठल्याही रिक्षावाल्यानं तोंडाकडे बघून फुकटात सांगितलं असतं. पण नकाशाच्या खाली आणखी एक पान होतं: ज्या ज्या माणसांनी अशा नळ्या भरल्या, त्यातली तुमच्या नात्याची कोण. दूरदूरची, नुसता वास लागलेली बरीच नावं. सगळ्यात वर मात्र एक जवळचं. श्रुती, राहणार अमेरिका. तिचा आणि वडिलांचा डीएनए इतका जुळत होता, की ती त्यांच्या चुलत, आते, मामे अशा कुठल्यातरी सख्ख्या भावंडाची मुलगी असावी. मी त्यातला "चुलत" तेवढा धरून बसले. आपल्याकडे दुसरं कुणी काय धरणार?

श्रुतीला निरोप पाठवला. तिनं उत्तरात इतकी उद्गारचिन्हं पाठवली की मला वाटलं मोबाईल बिघडला. तिचे वडील अक्कलकोटच्या पुढच्या, कर्नाटकाला टेकलेल्या एका गावातले. गावाचं नाव देत नाही, तिथली माणसं पेपर वाचतात. आजोबा शिवलिंगप्पा वारलेले. काका सिद्धाराम अजून गावातच, शेती आणि अडतीचा धंदा. तिनं काकाला फोन केला आणि काकानं मला. आणखी एक नळी शिल्लक आहे, तीही घेऊन येते, असं मी त्यांना सांगितलं.

"या की जेवायला," सिद्धारामअण्णा म्हणाले. "आमचा गुरप्पा काका होता तसा. फिरता माणूस. तमाशा, कुस्त्या, सगळे नाद. पोरंबाळं न्हाईत त्याला. त्याचंच काम असणार हे." आणि खदखदून हसले. "पुरुषमाणसाचं काय ओ, चालायचंच."

लोक पोरांचे बारावीचे मार्कसुद्धा इतक्या अभिमानानं सांगत नाहीत.

कुर्डुवाडी

अक्कलकोट एका दिशेला, कुर्डुवाडी बरोबर उलट्या. तरी वडिलांचा हट्ट, "निघायचं तर तितनंच निघू." म्हणून पहिला दिवस तिकडे गेला.

बाक नव्हता. बाकाच्या जागी आता भोकाभोकांच्या स्टीलच्या खुर्च्या आहेत, उन्हात तव्यासारख्या तापलेल्या. वडील त्यातल्या एकीवर बसले आणि लगेच उठले. मी म्हटलं, "झालं दर्शन?" ते म्हणाले, "आगं, पोळलं." आम्ही दोघंही हसलो. स्टेशनबाहेर भजी खाल्ली, तीही गार होती.

तिथंच दत्तू भेटला. खलाशी आजोबांचा पुतण्या. कुलूप ज्यांनी लावलं त्यांचा मुलगा, आणि आता त्याच घरात राहणारा. कुर्डुवाडीत बातमी गाडीच्या आधी पोचते.

"काय बाळू, तपासणी केलीस म्हणं. मग कुणाचा निगालास?"

"कळंल की," वडील म्हणाले.

"मोटं घराणं आसंल तर इसरू नगो आमाला. येका घरात वाढलोय आपण."

"वाढलात खरं," मी म्हटलं. "कुलूप मात्र तुमच्याच वडिलांनी लावलं."

दत्तू म्हणाला, "पोरगी लई शिकलीय वाटतं." मी म्हटलं, "बी.एस्सी." वडिलांनी माझा दंड धरून मला गाडीकडे ओढलं.

अक्कलकोटच्या पुढे

दुसऱ्या दिवशी सोलापुरातून एसटीनं अक्कलकोट आणि तिथून वडापची जीप. हातात भेटीदाखल वडिलांनी निवडलेली एक जेकार्ड चादर. माझ्या पर्समध्ये दुसरी नळी, जमलं तर त्या घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाची तपासणी करून पक्कं करावं म्हणून. जीप दहाजणांची, माणसं किती ते मोजायला जागाच नव्हती. चालकाचं निम्मं बोलणं मराठीत, निम्मं कानडीत, आणि शिव्या दोन्हीकडच्या. वाटेत चाक बसलं. चादर धुळीत पडू नये म्हणून वडील ती पोटाशी धरून बाभळीखाली उभे राहिले, आणि जॅक लावायला मी गेले. काळी जमीन, तुरी, मधूनच ऊस. इकडे गावांच्या पाट्या मराठीत आणि दुकानांची नावं कानडीत. आमच्या सोलापुरात तीनचार भाषांची खिचडी असते. इथं दोनच, पण दोन्ही घट्ट.

"बर्री, बर्री, कूड्री," म्हणजे या, या, बसा, म्हणत सिद्धारामअण्णांनी स्वागत केलं. कपाळावर विभूतीचे पट्टे, पांढराशुभ्र शर्ट. पाय धुवायला तांब्या दिला. आमच्याकडे पाहुण्याला आधी चहा विचारतात, इथं आधी पाय. चांगली पद्धत आहे, मान्य करते.

माजघरात एक म्हातारी शेंगा फोडत बसली होती. "आमची अत्ती," अण्णा म्हणाले, म्हणजे त्यांच्या वडिलांची बहीण. "गंगव्वा. ल्हान असतानाच नवरा गेला, तवापासून हितंच हाय." आणि पुढं निघाले, एखाद्यानं "ही कणगी" म्हणून दाखवावी तसे. त्यांना जे दाखवायचं होतं ते भिंतीवर होतं.

वंशावळ. मोठ्या चौकटीत, काचेमागे, हिरवंगार झाड रंगवलेलं, आणि पानापानावर नाव. सात पिढ्या. अण्णा मुळापासून वाचत वर आले. सातही पिढ्यांत एक बाई जन्मलेली नव्हती. एवढे पुरुष कुठून आले ते झाडालाच ठाऊक. शिवलिंगप्पाच्या शेजारी गुरप्पाचं पान होतं आणि तिथं फांदी संपत होती. अण्णांनी तिथं बोट टेकवलं, "हितं बसता बघा तुमी." वडील चष्मा पुसून त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले.

जेवण मात्र घराण्याला शोभेल असं. ज्वारीची कडक भाकरी, तेलात मुरलेली भरली वांगी, शेंगाचटणी, घट्ट दही, आणि शेवटी हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, तिच्यावर तुपाचं तळं. वाढायला अण्णांची बायको महानंदाकाकू. त्यांनी बराच वेळ धीर धरला, मग विचारलंच.

"तुमच्यात खातात का ओ?"

"काय?" मी मुद्दामच विचारलं.

"तेच की... ते..."

"मटन व्हय?" वडील म्हणाले. "दर आयतवारी. लई आवडतं मला."

काकूंची पळी हवेत थांबली. "बाई गं. आपल्या रक्ताला कसं चाललं म्हणायचं इतकी वर्षं?"

"रक्तानं कधी कुरकूर न्हाय केली," वडील म्हणाले, आणि हुग्गी पुन्हा मागितली.

हात धुतल्यावर अण्णांनी खिशातून एक कागद काढला. स्टॅम्पपेपर. अक्कलकोटहून टाईप करून आणलेला. "काय न्हाई, एक साधी सही. मग आपण मोकळे." मी कागद घेतला आणि वाचला. हक्कसोडपत्र होतं. "कै. गुरप्पा यांचे पुत्र बाळू" यांनी गुरप्पाच्या जमिनीवरचा सगळा हक्क राजीखुशीनं सोडल्याचं लिहिलं होतं. गुरप्पाच्या वाटणीचं रान अण्णाच कसतात, ते आता कुठं माझ्या लक्षात आलं.

वडिलांना कुणी उभ्या आयुष्यात जन्मदात्या बापाचं नाव दिलं नव्हतं. या माणसानं ते कुठलीही खात्री न करता दिलं. का, तर लगेच सोडून द्यावं म्हणून.

"आम्ही जमिनीसाठी आलो असं कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"सांगायला कशाला लागतंय? माणूस उगंच एवढ्या लांब येतंय व्हय?"

वडिलांनी पेन हातात घेतलं. मला धक्का बसला. "बाबा, थांबा."

"राहू दे गं," ते म्हणाले. "रान कुणाला पायजे? नाव मिळालं, बास झालं."

"गुरप्पाचं नाव घालू नका."

आवाज माजघराच्या उंबऱ्यातून आला. गंगव्वा शेंगांचं सूप बाजूला ठेवून उठून आली होती.

"अत्ती, तू गप बस," अण्णा म्हणाले.

"साकु," ती म्हणाली. कानडीत साकु म्हणजे पुरे. "लई गप बसले. गुरप्पा तवा मिसरूड न फुटलेला पोर. मेलेल्या माणसाच्या गळ्यात कशाला बांधताव?" मग माझ्याकडे वळली. "यव्वा, तुझ्याकडं ती थुकायची नळी हाय म्हणत व्हतीस न्हवं फोनवर? मी हितनं ऐकलं. ती माझ्याकडं दे."

माझ्या रसायनशास्त्राला आणि त्यांच्या सात पिढ्यांना एकदमच समजलं. आम्ही सगळे भिंतीवरच्या पानांत शोधत होतो आणि ही बाई खाली बसून शेंगा फोडत होती.

"तिचं वय झालंय, कायबी बोलती," अण्णांनी आम्हाला सांगितलं.

मी पर्समधून नळी काढली. पण गंगव्वानं नुकतंच आमच्या मागनं चार घास खाल्ले होते, म्हणजे अर्धा तास थांबणं आलं. तो अर्धा तास मी कधी विसरणार नाही. अण्णा खुर्चीत बसले, उठले, दार लावून आले. कडेच्या कोनाड्यात चादर तशीच पडलेली. वडील गंगव्वासमोर जमिनीवर बसले, मांडी घालून, शाळेतल्यासारखे.

तीच बोलली. बार्शीला नात्यातल्या घरी तिला नेऊन ठेवलं होतं, दिवस भरेपर्यंत. "मेलेलं जल्मलं म्हणून सांगितलं मला दादानं. मेलेलं कुटं रडतंय व्हय? मी ऐकलं की. दादा गाठोडं घिऊन गेला, आन् गाडीच्या वक्ताला गेला. बार्शीची गाडी कुटं जाती? कुर्डुवाडीला."

"माझ्या बापाबद्दल बोलतीस तू," अण्णा ओरडले.

"व्हय. त्यानंच न्हेलं."

वडिलांनी एकच विचारलं, "मी रडलो व्हय?"

"लई," ती म्हणाली.

अर्धा तास झाला. अण्णा उभे राहिले. "ही नळी घराभाईर जायची न्हाय. घराण्याची अब्रू हाय ही."

"थुकी माझी हाय," गंगव्वा म्हणाली. "तुझ्या सातबाऱ्यावर न्हाय चढलेली."

पण म्हातारं तोंड, कोरडं पडलेलं. थुंकी येईना. नळीवरची खूण दूरच राहिली. तिनं गाल चोळले, मीही चोळून दिले. तेवढ्यात महानंदाकाकू आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा मुठीत चिंचेचा गोळा होता. सासूसमोर बसल्या, कारण कानडीत आत्याही अत्ती आणि सासूही अत्तीच, आणि चिंच तिच्या नाकासमोर धरली. "खायची न्हाई, अत्ती. नुसती बघा." गंगव्वा हसली आणि तिच्या तोंडाला पाणी सुटलं. नळी भरली.

थुंकताना तिनं एकदा भिंतीकडे पाहिलं होतं, असं मला वाटलं. कदाचित मलाच तसं वाटून घ्यायचं होतं.

स्टॅम्पपेपर अण्णांनी घडी घालून खिशात ठेवला. बाईच्या मुलासाठी मजकूर वेगळा लागतो आणि तो टाईप करून ठेवायचं त्यांना सुचलं नव्हतं. निघताना मी वडिलांना हळूच म्हटलं, "पाया पडा की." ते म्हणाले, "रिपोट यिऊ दे. येकदा घर माझं समजून बसलो हुतो. ह्या बारीला आदी खात्री हुंदे." पण चादर त्यांनी कोनाड्यातनं उचलून तिच्या खांद्यावर घातली, आणि नीट बसली का ते दोनदा बघितलं.

सात रस्ता

सोलापुरात सात रस्त्याजवळ कुरिअरचं दुकान आहे. काउंटरवरच्या माणसानं विचारलं, "आत काय आहे मॅडम?"

"थुंकी."

त्यानं पाकीट दोन बोटांच्या चिमटीत धरलं आणि तोंड वाकडं केलं. त्याच्याच जिन्याचा कोपरा वरपासून खालपर्यंत माव्यानं लाल झालेला होता, आणि या साहेबांना बाटलीबंद, सीलबंद थुंकीची किळस आली. मी तसं म्हणाले. पाकीट गेलं एकदाचं.

वाट बघण्याचे आठवडे सांगत नाही, त्यात सांगण्यासारखं काही नाही. वडील सकाळ-संध्याकाळ माझा मोबाईल चार्ज आहे का बघायचे, एवढंच. रिपोर्ट आला तेव्हा मी कारखान्यात होते, हाताला निळा रंग लागलेला. स्क्रीनवर गंगव्वाचं नाव आणि त्याखाली नातं: आई. अंदाज नाही, "असावी" नाही. रंग पुसायचं विसरून मी वडिलांना फोन केला. पलीकडे मागांची धडधड ऐकू येत होती. वडील म्हणाले, "सुट्टी काडतो."

सिद्धारामअण्णांनी श्रुतीला सांगितलं की प्रयोगशाळेत चुका होतात, मशीनवर विश्वास ठेवू नये. गुरप्पाच्या वेळी त्यांना मशीनही लागली नव्हती आणि थुंकीही. त्यांचा अंदाजच पुरेसा होता. बाई निघाली तर मात्र विज्ञान कच्चं. अशा माणसांना मी काय शिकवणार? मी फक्त बी.एस्सी. आहे.

वडील एकटेच गेले, वडापनं. महानंदाकाकूंनी एका पिशवीत कडक भाकऱ्या बांधून दिल्या आणि अण्णा त्या दिवशी मुद्दाम बाजारात गेले. संध्याकाळी रिक्षा आमच्या दारात थांबली. वडिलांनी आधी पिशवी उतरवली, मग हात पुढे केला आणि म्हणाले, "उतर अव्वा, हितं उंबरा उंच हाय." कानडीत अव्वा म्हणजे आई.

आईनं पहिल्या रविवारी मटण केलं नाही. दुसऱ्या रविवारी गंगव्वानंच विचारलं, "माझ्या पोराचं मटन का केलं न्हाय?" तेव्हापासून वेगळ्या चुलीवर होतं आणि ती नाकाला पदर लावून, पण कौतुकानं, त्यांचं जेवण बघत बसते.

घरमालकीण जिन्यात भेटली. म्हणाली, "ऐकलं, आई मिळाली म्हणं. मग बाप कोण?"

बाप कोण ते गंगव्वानं सांगितलेलं नाही आणि आम्ही विचारलेलं नाही. वडिलांना त्यांना जन्म देणारी बाई सापडली. तिचं नाव गंगव्वा, आणि ती आमच्या घरी राहते.